एका अंगरख्यात दोन जीव

अमाउती पहिल्यांदा पाहणाऱ्याला जरा अवघडलेली वाटते. पाठीला मोठा फुगवटा, डोक्यामागे गरजेच्या दुप्पट रुंद टोपरं, पुढे पोटाखाली लोंबणारा एक छोटा पदर आणि मागे पार पोटऱ्यांपर्यंत उतरलेलं गोलसर शेपूट. खांदे इतके ऐसपैस, की शिवणारीचा अंदाज चुकला असावा अशी शंका यावी. अंगाबरहुकूम बेतलेल्या एखाद्या कोटाशेजारी तिला खुंटीवर टांगलं, तर ती चक्क गबाळी दिसेल. पण खुंटीवर तिचं रूप कळतच नाही. तिच्यात आधी बाई शिरावी लागते आणि मग बाईच्या पाठीशी मूल. तेव्हा कुठे तिची प्रत्येक चुणी आणि प्रत्येक फुगा कशासाठी आहे हे ध्यानात येतं.

ही इनुइट बायकांची. कॅनडाच्या उत्तरेला, झाडांची हद्द संपते तिच्याही पलीकडे तिचं माहेर. नुनावुत हा तिथला सगळ्यात मोठा मुलूख, १ एप्रिल १९९९ रोजी कॅनडाच्या नकाशावर स्वतंत्र प्रदेश म्हणून उमटलेला. हिवाळ्यात तिथला पारा उणे चाळीसच्या खाली सहज जातो, आणि वारा सुटला की आकड्यांना काही अर्थ उरत नाही. कापूस, ताग, अंबाडी यातलं काही तिथे पिकत नाही. अंग झाकायचं तर जनावरानंच आपलं कातडं द्यायचं, आणि बाईनं त्याचं वस्त्र करायचं. हा व्यवहार तिथे हजारो वर्षं चालत आला आहे. अमाउती त्यातली सगळ्यात हुशार निर्मिती, असं माझं मत आहे, आणि ते मी पुढे सोडणार नाही.

बाळ तिच्यात कसं जातं, ते आधी पाहू. आई किंचित वाकते. बाळाला खांद्यावरून मागे नेते आणि गळ्याच्या रुंद तोंडातून पाठीकडे सोडते. दोन-तीन हलके हिसके देते, तसं मूल सरकत सरकत पाठीवरच्या खोळीत बसतं. त्याचे पाय आईच्या पाठीला चिकटून दुमडलेले, छाती आईच्या पाठीला टेकलेली. आता बाहेरून कमरेला एक पट्टा आवळला जातो. तो बाळाच्या बुडाखालून येतो आणि पुढे पोटाशी बांधला जातो. मूल खाली घसरत नाही, ते या पट्ट्याच्या जोरावर. सगळा भार खांद्यांवर आणि कमरेवर वाटला जातो आणि आईचे दोन्ही हात मोकळे राहतात. ती मासे कापेल, कुत्र्यांना खाऊ घालेल, बर्फ खणेल. मूल कुरकुरलं तर गुडघ्यात वाकून डावीकडून उजवीकडे डुलेल. उत्तरेतल्या गावांत आजही दुकानाच्या रांगेत उभ्या असलेल्या बायका अशा डुलताना दिसतात. पाठीवर कुणी नसलं तरी काहींची ती सवय जात नाही.

आपल्याकडची कुंची बाळाचं डोकं आणि पाठ झाकते, पण त्याला आईपासून वेगळंच ठेवते. अमाउतीचा विचार उलटा आहे. आई आणि मूल यांना ती दोन माणसं मानतच नाही. जुन्या पद्धतीत मूल आत जवळजवळ उघडंच असे, बुडाशी फार तर शेवाळाचा किंवा मऊ कातड्याचा थर. आईच्या अंगाची ऊब हीच त्याची शेगडी. त्यानं चुळबुळ केली की ती आईच्या पाठीला कळे, आणि ओलं होण्याआधी त्याला बाहेर काढण्याचा अंदाज आयांना येत असे. वारा फारच झोंबला तर ते रुंद टोपरं पुढे ओढायचं. मग एकाच छपराखाली दोन डोकी. बाळाला एरवी आईच्या खांद्यावरून जग दिसतं आणि तेही मोठ्या माणसाच्या उंचीवरून. घरी कोण आलं, कोण काय बोललं, शिकार किती मिळाली, हे सगळं त्याच्या डोळ्यांसमोर घडतं. वयाची पहिली दोन-तीन वर्षं त्याची शाळा तिथेच भरते.

हडसनच्या उपसागराच्या पश्चिमेकडच्या बायकांची अमाउती तर आणखी चतुर. तिथे तिला तुइल्ली म्हणतात. तिचे खांदे इतके मोठे असतात, की आई आतल्या आत हात काढून घेऊ शकते, बाळाला पाठीवरून पुढे छातीशी ओढू शकते, पाजू शकते आणि परत मागे सरकवू शकते. थंडीचा एक झोतही आत शिरत नाही. पहिल्या नजरेला शिवणारीची चूक वाटलेले ते ऐसपैस खांदे असे कामाचे.

आता तिची अंगकाठी. थंडीची खरी अमाउती कॅरिबूच्या कातड्याची, म्हणजे रानटी रेनडिअरच्या. या जनावराचा केस पोकळ असतो. त्याच्या आत हवा कोंडलेली असते आणि केस दाट असल्यानं दोन केसांच्या मधेही हवा अडकून राहते. अडकलेली हवा म्हणजे ऊब. पण कुठल्याही महिन्यातलं कातडं चालत नाही. उन्हाळ्यात त्यावर माशीच्या अळ्यांनी पाडलेली भोकं असतात आणि केस विरळ असतो. भर हिवाळ्यात केस इतका लांब आणि जड होतो, की तो अंथरुणालाच बरा. वस्त्रासाठी हवं ते उन्हाळा सरता सरता आणि शरदाच्या तोंडावर मारलेल्या जनावराचं कातडं, कारण तेव्हा केस आखूड, दाट आणि घट्ट असतो. एका माणसाच्या पुऱ्या पोशाखाला अशी पाच-सात कातडी लागतात. घरात पाच माणसं असतील तर हिशेब करून पाहा. शिकाऱ्याला त्या चार-सहा आठवड्यांत दम घ्यायला फुरसत नसे.

कडाक्याच्या थंडीत असे पोशाख दोन थरांत घालतात. आतला अंगरखा, म्हणजे अतिगी, केस आतल्या बाजूला वळवून, अंगाला लावून. त्यावरचा केस बाहेर काढून. मधे पुन्हा हवा. गळा आणि घेर मुद्दाम सैल ठेवलेले. अंगातली गरम हवा वर चढते आणि कोंडून राहते. धावपळ करून अंग तापलं, की गळ्याशी जरा मोकळं करायचं, तेवढ्यानं ती बाहेर पडते. बटण नाही, चेन नाही. थंडीत घाम हा बर्फाइतकाच जीवघेणा, कारण घामानं ओलं झालेलं कातडं गोठतं. पोशाख बेततानाच घामाचा बंदोबस्त झालेला असतो.

टोपऱ्याच्या काठाला जी झुबकेदार झालर असते, ती पाहून शहरातली माणसं तिला नखरा समजतात. लांडग्याच्या किंवा वुल्व्हरिन या जंगली जनावराच्या केसांची ती झालर असते. वुल्व्हरिनच्या केसावर श्वासाचं दव गोठलं तरी ते चिकटून बसत नाही, हातानं झटकलं की पडतं. लांब-आखूड केस मिसळून केलेली, सूर्याच्या किरणांसारखी चहूबाजूंनी फाकणारी झालर वाऱ्याचा झोत चेहऱ्याजवळ येण्याआधीच मोडते. २००४ साली अमेरिका आणि कॅनडातल्या संशोधकांनी वाऱ्याच्या बोगद्यात तापवलेलं कृत्रिम डोकं ठेवून वेगवेगळ्या झालरी तपासल्या. चेहऱ्याची ऊब सगळ्यात चांगली राखणारी ठरली ती हीच सूर्यकिरणी. शिवणाऱ्या बायकांना हे ठाऊक होतंच, मोजून दाखवण्याचं काम तेवढं झालं.

तिचा जन्म पाहायचा तर शिवणारीच्या शेजारी बसावं लागेल. आधी कातडं वाळतं. मग खरवडणीनं त्याच्या आतल्या बाजूची पातळ पापुद्री काढायची, ते ओलं करायचं, ताणायचं आणि पुन्हा खरवडायचं. ताकदीचं काम, त्यात पुरुषही हात लावत. बुटांसाठी लागणारं सीलचं कातडं तर दातांनी चावून मऊ करत. असं आयुष्यभर चावून वयस्कर बायकांचे दात हिरड्यांपर्यंत झिजलेले असत. मग कापणी. हत्यार उलू, अर्धचंद्राच्या पात्याची बायकांची सुरी, मूठ वरच्या बाजूला. कातडं उलटं पसरून, केसांना धक्का न लावता, नुसत्या चामडीतून पातं फिरतं. कागदी नमुना नसतो. ज्याच्यासाठी शिवायचं त्याच्याकडे एक नजर टाकायची, वितीनं आणि बोटांनी अंदाज घ्यायचा आणि कापायचं. कुठला भाग कुठे येणार हेही ठरलेलं. जनावराच्या पाठीचं कातडं माणसाच्या पाठीवर, डोक्याचं टोपऱ्याला. पोटाचा पांढरा केस वेगळा काढून त्याच्या पट्ट्या अंगरख्यावर बसवायच्या, तीच नक्षी.

आता शिवण अगदी डोळ्याजवळ धरून पाहा. दोन काठ जुळवून धरले आहेत, चामडी बाहेरच्या बाजूला. सुई पूर्वी हाडाची किंवा हस्तिदंताची असे, व्यापारी आले तशी पोलादाची झाली. दोरा म्हणजे तात, कॅरिबूच्या कण्यालगतच्या पांढऱ्या कंडरेची. ती वाळवून नखांनी आणि दातांनी सोलून हवी तेवढी बारीक केलेली. एक टाका, त्याच्या शेजारी केसभर अंतरावर दुसरा, काठावरून वळसा घालत. टाक्यात एखादा केस अडकला तर सुईच्या टोकानं तो आत ढकलायचा, मगच पुढे. शिवून झालं की शिवण नखानं दाबून सपाट करायची आणि कातडं उलटायचं. दोन्ही तुकड्यांचे केस एकमेकांत मिसळलेले असतात आणि जोड कुठे आहे हे बोट फिरवूनही सापडत नाही. वारा तिथून शिरणार कसा? पावसा-बर्फात घालायच्या सीलच्या बुटांना तर याहून नाजूक शिवण असते. सुई कातड्याच्या अर्ध्या जाडीतूनच जाते, आरपार जात नाही, म्हणून पाणी आत यायला भोकच नसतं. तात ओली झाली की फुगते आणि उरलीसुरली फट बुजवते. पन्नास मैलांवर वादळात अडकलेल्या शिकाऱ्याचं आयुष्य अशा एका टाक्यावर टांगलेलं असतं. तो फिरून आला तर शिकारीचं नाव त्याचं. टाक्याचं नाव कुणी घेत नाही, पण घरात सगळ्यांना ठाऊक असतं.

हे काम केव्हा करायचं याचेही नियम कडक होते. अनेक इनुइट गटांत जमिनीवरच्या कॅरिबूचं आणि समुद्रातल्या सीलचं काम एकत्र करायला सक्त मनाई होती. थंडीचे कपडे शरदात जमिनीवर बसून संपवायचे आणि मगच समुद्राच्या बर्फावर सीलच्या शिकारीला जायचं. एकदा तिकडे गेल्यावर कॅरिबूच्या कातड्याला सुई लावायची नाही. पाळणारे म्हणत, समुद्रातली देवी रागावते आणि जनावरं लपवते. श्रद्धा बाजूला ठेवली तरी नियमाचा धाक असा, की कडाका पडण्याआधी घरातल्या प्रत्येकाच्या अंगावर नवा पोशाख चढलेला असे. आळसाला जागाच नाही.

स्वभावानं अमाउती मानी आहे. उबदार खोलीत तिला आणलेलं चालत नाही, कारण उष्णता लागली की केस गळू लागतात आणि चामडी कडक होते. पूर्वी बर्फाच्या घरात शिरण्याआधी बाहेरच्या बोळात अंगरखे उतरवून तिथेच ठेवत. अंगावरचा बर्फ वितळून आत मुरण्याआधी हाडाच्या किंवा लाकडाच्या काठीनं तो झोडपून काढत. आजही जाणत्या घरांत खऱ्या कातड्याचा पोशाख बाहेरच्या पडवीत किंवा थेट फ्रीझरमध्ये राहतो. तिचं आयुष्यही बेताचं. कॅरिबूचा केस ठिसूळ, एक-दोन हिवाळ्यांत तो झडू लागतो. मग तिची गादी होते, कुत्र्याच्या पिलांचं अंथरूण होतं, शेवटी चिंध्या. म्हणजे या घराण्यात वारसा म्हणून अंगरखा क्वचितच हाती येतो. हाती येते ती शिवण्याची रीत, आणि तीही दरवर्षी नव्यानं सिद्ध करावी लागते. आईनं शिकवलं नाही आणि मुलीनं पाहिलं नाही, असे दोन हिवाळे गेले, की घराणं संपलं.

तिचं गोत मात्र जुनं आहे. ग्रीनलंडमध्ये १९७२ साली किलाकित्सोक इथे रानकोंबड्यांच्या शिकारीला गेलेल्या दोघा भावांना एका खडकाच्या आडोशाला पुरलेली माणसं सापडली. सहा बायका आणि दोन मुलं, त्यातलं एक जेमतेम सहा महिन्यांचं. थंडी आणि कोरड्या वाऱ्यानं ती वाळून टिकली होती, सुमारे १४७५ सालापासून. त्यांच्या सोबत कपड्यांचे ७८ नग होते. बरेचसे सीलच्या कातड्याचे, काही पक्ष्यांच्या कातड्यांचे. पाचशे वर्षांपूर्वीच्या त्या शिवणी आजच्या शिवणारीनं पाहिल्या, तर तिला प्रत्येक टाक्याची ओळख पटेल.

युरोपनं तिला पाहिलं ते फार वाईट प्रसंगी. १५७७ साली मार्टिन फ्रोबिशर हा इंग्रज दर्यावर्दी बॅफिन बेटाच्या किनाऱ्यावरून एक पुरुष, एक बाई आणि तिचं मूल पळवून ब्रिस्टलला घेऊन आला. जॉन व्हाइट या चित्रकारानं त्यांची चित्रं काढली, ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. बाईच्या चित्रात टोपऱ्यातून एक इवलंसं तोंड डोकावतं आहे. अमाउतीच्या सगळ्यात जुन्या चित्रांपैकी हे एक, आणि रेघा इतक्या नेमक्या, की कापडाच्या शिंप्याला त्यावरून घडण समजावी. ती तिघंही इंग्लंडमध्ये काही आठवड्यांत मेली. बाळाला लंडनच्या एका चर्चच्या आवारात पुरलं. पळवणाऱ्याचं नाव इतिहासात आहे, चित्रकाराचं आहे. त्या बाईचं खरं नाव कागदावर कुठेच नाही.

पुढे तीनशे वर्षांत देवमाशांची शिकार करणारी जहाजं आली आणि काचेचे मणी आले. अमाउती नटली. हडसनच्या उपसागराच्या काठच्या बायकांनी आपल्या अंगरख्यांच्या छातीवर, खांद्यांवर, मनगटांवर मण्यांची अशी काही भरगच्च पट्टी बसवली, की एकेक पट्टी एखाद्या दागिन्याच्या तोडीची. ती काढून नव्या अंगरख्याला लावता येत असे, कारण कातडं झिजतं, मणी झिजत नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांतले काही अंगरखे जॉर्ज कोमर या जहाजाच्या कप्तानानं न्यूयॉर्कच्या संग्रहालयासाठी घेतले.

त्याच सुमारास, १९०३ ते १९०५ या काळात नॉर्वेचा ध्रुवप्रवासी रोआल्ड अमुंडसेन नेत्सिलिक इनुइटांच्या शेजारी जोआ हेवनला दोन हिवाळे राहिला. तो त्यांच्यासारखं राहायला, कुत्री हाकायला आणि कातड्याचे सैल कपडे घालायला शिकला. १४ डिसेंबर १९११ रोजी दक्षिण ध्रुवावर पोचणाऱ्या त्याच्या तुकडीकडे केसाळ कातड्याचे पोशाख होते, त्याच धर्तीचे. त्याच ध्रुवाकडे निघालेल्या ब्रिटिश तुकडीनं भरवसा ठेवला तो मुख्यतः लोकरीवर आणि विणलेल्या कापडावर. अमुंडसेनच्या यशाला इतरही कारणं होती, पण कपड्यांचा धडा त्यानं कुणाकडून घेतला याबद्दल वाद नाही. ध्रुवाच्या पुस्तकांत त्याचे फोटो आहेत. जोआ हेवनच्या शिवणाऱ्या बायका त्या पुस्तकांच्या पानांत शोधाव्या लागतात.

१९५० नंतर सरकारनं या भटक्या कुटुंबांना वस्त्यांत आणलं. मुलं लांबच्या निवासी शाळांत गेली आणि नेमक्या शिवणकामाच्या दिवसांत मुली आयांपासून दूर राहू लागल्या. दुकानांत कापड आलं. अमाउतीनं तेही स्वीकारलं, हा तिचा लवचीक गुण. आज बहुतेक अमाउती जाड लोकरी कापडाची आणि त्यावर वारा अडवणाऱ्या कापडाची असते, काठाला रंगीत फिती, टोपऱ्याला मात्र खऱ्या केसांची झालर. घडण तीच, खोळ तीच, पट्टा तोच. कातड्याची अमाउती आता शिकारीला दूर जाणाऱ्या घरांत, समारंभांत आणि हौशी शिवणारणींच्या हातांत दिसते. इग्लुलिकच्या चमूनं २००१ साली इनुक्तितुत भाषेतला पहिला लांबीचा चित्रपट ‘अतानारजुआत’ केला, तेव्हा त्यातले कातड्याचे पोशाख गावातल्याच बायकांनी शिवले. इकालुइतच्या महाविद्यालयात आज कातडं कमावण्याचं आणि केसाळ कपडे घडवण्याचं शिक्षण मिळतं.

शाकाहारी वाचकाचं मन इथे जरा थबकेल, हे मला ठाऊक आहे. युरोपचंही थबकलं होतं. १९८३ साली युरोपनं सीलच्या पांढऱ्या पिलांच्या कातड्यांवर बंदी घातली. इनुइट ती पिलं मारतच नव्हते. ते मोठे सील मारत, मांस खात आणि कातडं विकत. पण खरेदीदारानं एवढा बारकावा पाहिला नाही आणि सगळ्याच सील कातड्यांचा भाव कोसळला. २००९ च्या बंदीत इनुइटांसाठी सवलत होती, तरी बाजार काही उभा राहिला नाही. अलेथिया अर्नाकुक-बॅरिल यांचा २०१६ चा माहितीपट ‘अँग्री इनुक’ याच रागाची गोष्ट सांगतो. ज्या मुलखात भाजी पिकत नाही आणि विमानानं आलेली कोबी शहरातल्या भावाच्या कितीतरी पट महाग पडते, तिथे मांस खाऊन कातडं फेकून देणं, हा खरा अपव्यय ठरला असता.

त्याहून अलीकडचं दुखणं तिला लागलं ते फॅशनचं. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या पाउक्तूतित या इनुइट महिलांच्या संघटनेच्या लक्षात आलं, की मोठे डिझायनर उत्तरेत माणसं पाठवून जुने अंगरखे गोळा करत आहेत. अमाउतीची नक्कल उद्या कुणीही विकू शकेल, आणि कायदा हात वर करेल. पेटंट आणि कॉपीराइट ठरावीक माणसाच्या किंवा कंपनीच्या नावावर, ठरावीक मुदतीपुरतं असतं. अमाउती हजारो बायकांची, शेकडो वर्षांची. तिच्यावर मालकी सांगायला एकही नाव पुढे येत नाही, आणि म्हणून बाजाराच्या नजरेत ती बेवारशी. संघटनेनं २००१ साली यावर चर्चा घडवून आणली. २०१५ मध्ये लंडनच्या एका फॅशन घराण्यानं एका इनुइट शामानच्या, म्हणजे मांत्रिकाच्या, जुन्या कातडी अंगरख्याची नक्षी जवळजवळ जशीच्या तशी स्वेटरवर छापली. त्याच्या वंशजांनी ती ओळखली आणि आवाज उठवला, तेव्हा घराण्याला माफी मागून ते स्वेटर मागे घ्यावे लागले. तो मूळ अंगरखा अमाउतीचाच भाऊबंद. १९०२ साली तो कोमरनंच विकत घेतला होता.

उलट उदाहरणही आहे. २०१९ मध्ये कॅनडा गूस या कंपनीनं १४ इनुइट शिवणारणींना आपापल्या भागातल्या पद्धतीनं एकेक पार्का, म्हणजे टोपऱ्याचा अंगरखा, घडवायला सांगितलं. घडणीचे हक्क त्यांच्याकडेच राहिले, विक्रीचा पैसा इनुइटांच्या राष्ट्रीय संघटनेला गेला आणि प्रत्येक अंगरख्यासोबत शिवणारीचं नाव होतं. म्हणजे हे जमतं, फक्त मनावर घ्यावं लागतं.

मात्र सगळं मनावर घेऊन सुटणारं नाही. २०१४ च्या गणनेत बॅफिन बेटावर कॅरिबू पाच हजारांच्या आसपास उरले असल्याचं दिसलं. १९९० च्या दशकात ते याच्या कितीतरी पट असल्याचा अंदाज होता. जानेवारी २०१५ पासून तिथे शिकारीवर पूर्ण बंदी आली. त्याच वर्षी उन्हाळ्यात ती जरा सैल झाली, पण साऱ्या बेटासाठी २५० नरांच्या मर्यादेत. संख्या खाली-वर होणं हा कॅरिबूंचा जुना धर्म आहे, हे तिथली म्हातारी माणसंही सांगतात. पण अशा वर्षांत ज्या मुलीला शिवायला शिकायचं आहे, तिच्या हातात कातडं कुठून द्यायचं? दुसऱ्या बेटावरून, दुसऱ्या गावातल्या नातेवाइकांकडून ते विमानानं मागवावं लागतं.

अमाउतीबद्दल लिहिणारे बहुतेक जण शेवटी तिला अद्भुत म्हणतात. तिच्यात अद्भुत काही नाही. कोणत्या महिन्यातलं कातडं घ्यायचं, किती ओलं करायचं, सुई किती खोल घालायची, गळा किती सैल ठेवायचा, असे शेकडो लहान निर्णय बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या अचूक घेतले आणि मुलींना दाखवले. त्यांची बेरीज म्हणजे अमाउती. म्हणूनच कोणत्याही संग्रहालयात केसाळ कातड्याचा अंगरखा काचेआड दिसला आणि खालच्या पाटीवर फक्त गोळा करणाऱ्या कप्तानाचं नाव असलं, तर तिथल्या माणसाला एकच प्रश्न विचारा: हा शिवला कुणी? उत्तर नसेल तर त्यांना ते शोधायला लावा. कप्तानानं तो विकत घेतला होता. केला होता एका बाईनं, आणि पाटीवर पहिला हक्क तिचा आहे.